सी भाषेतील संकलन व जोडणी दोष

सी या संगणकीय भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीला एखाद्या तयार लायब्ररीची जोड देऊन ती चालविण्यायोग्य रूपात आणताना दोन टप्प्यांवर अडथळे येतात. आज्ञावलीच्या मजकुराचे यांत्रिक भाषेत रूपांतर करणारा संकलक म्हणजे कंपायलर जे अडथळे नोंदवितो, त्यांना संकलन दोष म्हणतात. रूपांतरित तुकडे व लायब्ररी एकत्र सांधणारा जोडक म्हणजे लिंकर जे नोंदवितो, त्यांना जोडणी दोष म्हणतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत असले, तरी त्यांची जात भिन्न आहे. पहिल्यात मजकूर किंवा त्याने आधार घेतलेली घोषणा सदोष असते. दुसऱ्यात मजकूर बहुधा निर्दोष असतो, परंतु त्याने ज्याचा उल्लेख केला ते प्रत्यक्षात सापडत नाही. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे जोडणी दोषावर उपाय म्हणून मजकुरातील बरोबर ओळी बदलल्या जातात आणि मूळ अडचण तशीच राहून तीत नव्या चुकांची भर पडते.

डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सी भाषा विकसित केली. या भाषेच्या गाभ्यात वाचन, लेखन किंवा वर्गमूळ काढणे यांसाठी एकही आज्ञा नाही. ही सर्व कामे लायब्ररीतील फंक्शनांकडून करवून घ्यावी लागतात. अमेरिकन मानक १९८९ मध्ये संमत झाले, तेव्हा भाषेबरोबरच तिच्या प्रमाण लायब्ररीचेही स्वरूप निश्चित करण्यात आले. पडद्यावर एक ओळ उमटविणारी सर्वांत छोटी आज्ञावलीसुद्धा अशा रीतीने लायब्ररीवर विसंबून असते. म्हणून हा विषय केवळ मोठ्या कामांपुरता नाही. नवशिक्याची त्याच्याशी गाठ पहिल्याच दिवशी पडते.

घोषणा व व्याख्या : एखाद्या फंक्शनाचे नाव, त्याला द्यावयाच्या मूल्यांचे प्रकार आणि त्याच्याकडून परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार एवढेच सांगणे ही घोषणा; ते फंक्शन प्रत्यक्ष कसे काम करते हे सांगणारा मजकूर ही व्याख्या. हेडर फाइलमध्ये मुख्यतः घोषणा असतात, लायब्ररीमध्ये व्याख्यांची यांत्रिक रूपे असतात. कंपायलर एका वेळी एकच मजकूर फाइल पाहतो. घोषणेवर विश्वास ठेवून तो पुढे जातो आणि त्या नावाची जागा रिकामी ठेवून ऑब्जेक्ट फाइल तयार करतो. अशा सर्व रिकाम्या जागा भरण्याचे काम लिंकरचे असते. कोशातील एखाद्या नोंदीत ‘पहा’ म्हणून दुसऱ्या नोंदीचा निर्देश असावा आणि प्रत्यक्ष खंड उघडल्यावर ती नोंदच नसावी, तशी स्थिती जोडणी दोषात होते. निर्देश करणाऱ्या नोंदीचे मुद्रितशोधन कितीही वेळा केले, तरी नसलेली नोंद त्यामुळे निर्माण होत नाही.

विद्यार्थी आणि टर्बो सी : ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील अभियांत्रिकी, विज्ञान व माहिती तंत्रज्ञान शिकविणारी बहुसंख्य महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात मोडतात. विद्यापीठाच्या २०१९-२० पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात सी भाषा पहिल्या वर्षी, संगणक शाखेतील आलेखन म्हणजे कॉम्प्युटर ग्राफिक्स तिसऱ्या सत्रात आणि लिंकर, लोडर व कंपायलर यांची तात्त्विक ओळख करून देणारा विषय सहाव्या सत्रात ठेवण्यात आला. विद्यार्थ्याला जोडणी दोषाचा अनुभव प्रथम येतो आणि त्याचे स्पष्टीकरण दोन वर्षांनी मिळते, असा हा उलटा क्रम आहे. मधल्या काळात दोषांवरील उपाय मित्रांकडून ऐकून पाठ केले जातात. एका संगणकावर ते लागू पडतात, दुसऱ्यावर पडत नाहीत, आणि कारण उमजत नसल्याने सी भाषाच लहरी आहे असा ग्रह होतो. प्रात्यक्षिकाचे मोजके तास यात खर्ची पडतात. काहींचा या विषयावरचा विश्वास कायमचा उडतो, हे नुकसान अधिक मोठे.

या भागातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या बोर्लंड कंपनीच्या टर्बो सी व टर्बो सी++ या साधनांवर शिकल्या. टर्बो सी १९८७ मध्ये बाजारात आले. संपादक, कंपायलर, लिंकर व दोषशोधक एकाच निळ्या पडद्यावर आणणारे हे साधन त्या काळी सुटसुटीत होते. पुढे चौसष्ट बिटी विंडोज प्रणालींवर सोळा बिटी आज्ञावल्या चालेनाशा झाल्या, तेव्हा डॉसबॉक्स या अनुकारकाच्या आधाराने त्याचा वापर चालू ठेवण्यात आला. एका कळीच्या दाबाने संकलन, जोडणी व चालविणे ही तिन्ही कामे उरकण्याची त्याची सोय शिकणाऱ्याच्या दृष्टीने दुधारी ठरली. टप्पे दिसेनासे झाले आणि त्यांतील दोष मात्र उरले.

वर्तुळ किंवा रेषा काढण्याच्या प्रात्यक्षिकात हे टप्पे नेमके उघडे पडतात. ‘ग्राफिक्स.एच’ ही हेडर फाइल सापडली नाही, तर ‘अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल’ असा संदेश येतो. हा संकलनाच्या टप्प्यावरील दोष असून ‘ऑप्शन्स’ यादीतील ‘डिरेक्टरीज’ या ठिकाणी हेडर फाइलींचा मार्ग दुरुस्त केला की तो जातो. टर्बो सी एका संगणकावरून दुसऱ्यावर नुसते उचलून ठेवल्यास जुना मार्ग तसाच राहतो. हे त्याचे नेहमीचे कारण. हेडर सापडली, पण ‘ऑप्शन्स’ मधील ‘लिंकर’ आणि त्याखालील ‘लायब्ररीज’ येथे ‘ग्राफिक्स लायब्ररी’ या चौकटीत खूण केलेली नसली, तर ‘अनडिफाइन्ड सिम्बल _इनिटग्राफ’ असा संदेश येतो. हा जोडणी दोष होय. नावाच्या आरंभीची अधोरेषा विद्यार्थ्याने लिहिलेली नसते. कंपायलर यांत्रिक रूपातील नावांना ती स्वतः लावतो. त्यामुळे हा संदेश लिंकरचा आहे हे तिच्यावरूनही ओळखता येते. खूण केल्यानंतर आज्ञावली तयार होते, पण चालविताच ‘बीजीआय एरर : ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड’ अशी ओळ दिसू शकते. आता संकलन व जोडणी या दोहोंचे काम संपलेले असते. पडद्याचा चालक असलेली फाइल आज्ञावली चालू असताना उचलली जाते आणि ‘इनिटग्राफ’ला दिलेला तिचा मार्ग चुकीचा असतो. एकाच चित्रासाठी तीन ठिकाणी तीन मार्ग द्यावे लागतात आणि एका ठिकाणचा उपाय दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी ठरतो. ग्राफिक्स लायब्ररीची खूण काढून पुन्हा करीत बसल्याने शेवटचा दोष कधीही जात नाही.

टर्बो सी++ मध्ये नवी फाइल आपोआप ‘.सीपीपी’ या विस्तारनामाने जतन होते, याकडे फारसे लक्ष जात नाही. विद्यार्थी सी लिहीत असतो आणि कंपायलर तो मजकूर सी++ म्हणून वाचतो. सी++ मध्ये घोषणेवाचून फंक्शन वापरता येत नाही. ‘फंक्शन शुड हॅव अ प्रोटोटाइप’ हा सर्वपरिचित संदेश तेथून येतो आणि योग्य ती हेडर फाइल जोडणे हाच त्यावरील उपाय असतो. ‘मेन’ हे नाव लिहिताना अक्षरांची उलटापालट झाल्यास ‘_मेन’ हे नाव ‘सीझीरो’ या भागात सापडत नाही, अशी तक्रार येते. असा भाग आपण लिहिलाच नाही म्हणून विद्यार्थी गोंधळतो. प्रत्येक आज्ञावलीला आरंभी जोडला जाणारा तो प्रारंभक असतो आणि तोच ‘मेन’ला हाक मारतो. एका अक्षराची चूक कंपायलरच्या नजरेतून सुटते, कारण वेगळ्या नावाचे फंक्शन लिहिणे हा भाषेच्या दृष्टीने गुन्हा नाही.

टर्बो सीमधील सर्वांत विलक्षण दोष ‘फ्लोटिंग पॉइंट फॉरमॅट्स नॉट लिंक्ड’ हा म्हणावा लागेल. त्या काळी स्मृती अपुरी असल्याने, आज्ञावलीत अपूर्णांकांचा वापर दिसला नाही तर त्यांच्या वाचन-लेखनाचा भाग जोडायचाच नाही, अशी काटकसर करण्यात आली होती. रचनांच्या म्हणजे स्ट्रक्चरच्या मालिकेतील अपूर्णांकी घटकात थेट मूल्य वाचून घेतल्यास हा वापर कंपायलरच्या ध्यानात येत नसे. जोडणी निर्वेध पार पडे आणि विद्यार्थ्यांच्या गुणांची टक्केवारी वाचताना आज्ञावली मध्येच बंद पडे. अपूर्णांकाचा व त्याच्या पत्त्याचा नाममात्र वापर करणारे, कधीही न बोलाविले जाणारे एक छोटे फंक्शन मजकुरात ठेवणे हा त्यावरील प्रसिद्ध तोडगा नागपूरचे लेखक यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकामुळे भारतभर पोहोचला. जोडणीतील उणीव मजकुरात भर घालून दूर करावी लागते, असे हे विरळा उदाहरण आहे.

जीसीसीकडे वळताना : लिनक्स प्रणालीवरील जीसीसी हा मुक्त कंपायलर वापरू लागल्यावर टर्बो सीमध्ये चालणारी आज्ञावली पहिल्याच ओळीत अडते. ‘कोनिओ.एच’ ही हेडर फाइल प्रमाण सीचा भाग नाही. ती डॉसकालीन कंपायलरांची स्वतःची आहे. तिच्या शोधात वेळ घालविण्यात अर्थ नसतो. ‘सीएलआरएससीआर’ व ‘गेटसीएच’ यांचा वापर काढून टाकणे हाच सरळ मार्ग होय.

गणिती फंक्शनांची कथा अधिक उद्‌बोधक आहे. ठाणे व कल्याण स्थानकांच्या निर्देशकांवरून त्यांतील सरळ रेषेतील अंतर काढणारी आज्ञावली घेतली, तर तीत वर्गमूळासाठी ‘एसक्यूआरटी’ हे फंक्शन येईल. ‘मॅथ.एच’ जोडलेली आहे, संकलन निर्दोष आहे. तरीही ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’ असा संदेश येतो. युनिक्स परंपरेत गणिती लायब्ररी मुख्य लायब्ररीपासून वेगळी ठेवलेली असून ती हवी असल्यास आज्ञेत ‘-एलएम’ असे मागावे लागते. हेडर जोडली म्हणजे लायब्ररी जोडली गेली, हा सार्वत्रिक गैरसमज येथे उघड होतो. टर्बो सी गणिती लायब्ररी न मागता जोडत असे. विंडोजवरील मिनजीडब्ल्यू संचात ही फंक्शने सर्वसाधारण लायब्ररीतच मिळतात. त्यामुळे डोंबिवलीतील घरी विंडोजवर चाललेली आज्ञावली ठाण्यातील महाविद्यालयात लिनक्सवर अडते आणि दोष मात्र मजकुराला दिला जातो. लिनक्सवरही एक चकवा आहे. वर्गमूळ दोन या स्थिर संख्येचे विचारले असता जीसीसी ते संकलनाच्या वेळीच काढून ठेवतो व लायब्ररीची गरज लागत नाही. तेथे चल राशी आली, की तीच आज्ञा अपुरी पडते.

लायब्ररी कोठे मागितली यालाही महत्त्व आहे. लिंकर आज्ञेतील फाइली डावीकडून उजवीकडे पाहतो आणि स्थिर लायब्ररीतून त्या क्षणापर्यंत अपूर्ण राहिलेल्या नावांपुरतेच भाग उचलतो. लायब्ररी आधी व मजकूर फाइल नंतर लिहिल्यास, लायब्ररी पाहताना काहीच अपूर्ण नसते; म्हणून काहीच उचलले जात नाही. उबुंटू प्रणालीच्या ११.१० या आवृत्तीपासून सामायिक लायब्ररींनाही हा क्रम व्यवहारात लागू झाला. जो मागतो तो आधी व जो पुरवितो तो नंतर, असा क्रम ठेवावा.

टर्बो सीचे आलेखन आधुनिक विंडोजवर चालावे म्हणून अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात विनबीजीआयएम ही लायब्ररी तयार करण्यात आली. भारतातील विद्यार्थी तिचा पुष्कळ वापर करतात आणि या लेखातील जवळजवळ सर्व दोष तीत एकत्र भेटतात. तिच्या हेडर फाइलमध्ये सी++ ची रचना असल्याने मजकूर ‘.सी’ फाइलमध्ये असल्यास संकलन होत नाही. त्या हेडरच्या प्रसृत प्रतींत एका घोषणेत ‘राइट’ हे नाव दोनदा आले आहे. हा दोष विद्यार्थ्याचा नसून लायब्ररीचाच आहे. पहिल्या ठिकाणी ‘टॉप’ असे नाव घातले की तो दूर होतो. तिच्याबरोबर विंडोजच्या स्वतःच्या काही लायब्ररीही तिच्यानंतर मागाव्या लागतात. ती बत्तीस बिटी असल्यामुळे चौसष्ट बिटी कंपायलर तिला ‘इनकम्पॅटिबल’ म्हणून वगळतो आणि नंतर ती सापडतच नाही असे सांगतो. फाइल डोळ्यांसमोर असताना ती नाही असे सांगणारा हा संदेश खोटा वाटतो. त्याआधीची ओळ वाचली, तर उलगडा होतो.

दोषाचे स्थाननिर्णय : जीसीसीच्या संदेशमालेतील शेवटची ओळ बहुधा ‘एलडी रिटर्न्ड वन एक्झिट स्टेटस’ अशी असते. लिंकर अयशस्वी झाला, यापलीकडे तीत काही नाही; मदत मागताना विद्यार्थी नेमकी तीच ओळ सांगतात. पहिला संदेश आधी वाचावा, कारण नंतरचे अनेक त्याचीच अपत्ये असतात. कंपायलरच्या संदेशात मजकूर फाइलीचे नाव, ओळ व स्तंभ यांचे क्रमांक असतात. लिंकरच्या संदेशात ऑब्जेक्ट फाइल व अपूर्ण राहिलेले नाव असते. शंका उरल्यास ‘-सी’ हा पर्याय देऊन केवळ संकलन करून पाहावे. ऑब्जेक्ट फाइल तयार झाली, तर मजकुराला हात लावण्याचे सहसा कारण नाही.

हेडर फाइल सापडत नसेल तर तिचा मार्ग मोठ्या ‘आय’ या पर्यायाने, लायब्ररीचा मार्ग मोठ्या ‘एल’ने आणि लायब्ररीचे नाव लहान ‘एल’ने दिले जाते. उबुंटूसारख्या प्रणालींवर लायब्ररी बसविलेली असूनही तिच्या हेडर फाइली नसणे ही नित्याची गोष्ट आहे. चालविण्यासाठीचा व आज्ञावल्या रचण्यासाठीचा असे दोन संच तेथे वेगळे असतात आणि दुसऱ्याच्या नावाअखेर ‘डेव्ह’ असे असते. लायब्ररीत एखादे नाव खरोखर आहे की नाही, हे ‘एनएम’ या साधनाने पाहता येते. नाव आहे, तरी लिंकर नाकारतो आणि संदेशात नावापुढे कंसात मूल्यांचे प्रकारही दिसतात, अशी स्थिती असल्यास सी लायब्ररी सी++ मजकुरातून वापरली जात आहे असे समजावे. सी++ कंपायलर नावांत प्रकारांची सांकेतिक भर घालतो. ती टाळण्यासाठी घोषणा ‘एक्स्टर्न सी’ या चौकटीत ठेवावी लागते.

न दिसणारे दोष : लिंकर सीमधील नावे जुळवितो, प्रकार जुळवीत नाही, आणि खरा धोका येथे आहे. जुन्या सीमध्ये घोषणेवाचून वापरलेले फंक्शन पूर्णांक परत देते असे गृहीत धरले जाई. ‘मॅथ.एच’ न जोडता टर्बो सीमध्ये सी मजकुरात वर्गमूळ काढले, तर नाव जुळे, जोडणी होई आणि उत्तर चुकीचे येई. इशाऱ्याची एक ओळ येऊन जाई, एवढेच. पडद्यावर दोष न दिसणे हा अचूकतेचा पुरावा नव्हे. तसेच, जुन्या नियमांनी संकलित केलेल्या मजकुरातील ‘गेटसीएच’ हे नाव लिनक्सवरील एनकर्सेस या लायब्ररीतही असल्याने ती जोडताच लिंकरची तक्रार थांबते. परंतु ते फंक्शन पडद्याची पूर्वतयारी केल्याशिवाय अपेक्षेप्रमाणे काम करीत नाही. तक्रार बंद करण्यासाठी सापडेल ती लायब्ररी जोडण्याचा हा परिणाम होय. घोषणेवाचून फंक्शन वापरण्याची मुभा १९९९ च्या मानकाने रद्द केली, तरी जीसीसीने ती केवळ इशारा देऊन पुढे चालू ठेवली होती. २०२४ मधील चौदाव्या आवृत्तीपासून तो दोष मानला जाऊ लागला. त्याआधी २०२० मधील दहाव्या आवृत्तीने, हेडर फाइलमध्ये ठेवलेल्या एकाच चल राशीची अनेक फाइलींत व्याख्या होणे खपवून घेणे बंद केले. जुन्या, वर्षानुवर्षे चाललेल्या आज्ञावल्या या दोन बदलांनंतर अडू लागल्या, त्या बिघडल्या म्हणून नव्हे. त्यांतील जुनी ढिलाई प्रथमच नजरेस आणली गेली.

सामायिक लायब्ररीच्या बाबतीत जोडणी पूर्ण झाल्यावरही एक पायरी उरते. अशी लायब्ररी आज्ञावलीत समाविष्ट होत नाही, ती चालविण्याच्या वेळी शोधली जाते. ‘एलडीडी’ या साधनाने कोणती लायब्ररी सापडत नाही ते कळते. नव्याने बसविलेल्या लायब्ररीची नोंद ‘एलडीकॉन्फिग’ने करून घेतली, की बहुतेक वेळा अडचण मिटते.

या विषयाच्या अभ्यासाला महाराष्ट्रात चांगली परंपरा आहे. पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील धनंजय ढमढेरे यांची प्रणाली-आज्ञावलीवरील व कंपायलर-रचनेवरील इंग्रजी पाठ्यपुस्तके देशभर वापरली गेली. त्याच संस्थेत उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतर्रचनेचे अध्यापन करणारे केंद्र चालविले. तेथीलच स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने सी व सी++ वरील ध्वनिचित्रपाठ मराठीतही तयार केले असून त्यांत आज्ञा प्रत्यक्ष देऊन दाखविल्या जातात. कंपायलरचे संदेश मात्र विद्यार्थ्यापुढे इंग्रजीतच येतात. त्यांतील ‘डिक्लेअर’ आणि ‘डिफाइन’ या दोन क्रियापदांना घोषणा व व्याख्या असे वेगवेगळे मराठी शब्द ठरवून पहिल्या वर्षीच वापरले, तर लायब्ररीविषयीचे निम्मे गैरसमज उद्भवणारच नाहीत.